काकडीची साक्ष

गेल्या अंकात ‘विचारा की!’ या सदरात मी जाता जाता एक वाक्य लिहून गेले, की लिंबाच्या रसातलं क जीवनसत्त्व ‘मॉडिफाइड इलेक्ट्रोड’ वापरून विजेनं मोजता येतं आणि माझ्या पीएच.डी.ची सात वर्षं त्यातच गेली. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की पोस्टमनला वाटलं आमच्या घरात लग्न निघालंय. ३३ वर्षं सोलापुरात बी.एस्सी.च्या मुलांना रसायनशास्त्र शिकवलं, तेव्हा तासाला शंका विचारणारे वर्षाकाठी दोन-तीन निघायचे. असो. चार पत्रं घेतलीयत. दुसऱ्याचं उत्तर वाजवीपेक्षा लांबलंय, पण ते लांबू दिलंय, कारण त्या मुलीच्या जागी मी स्वतः बसलेली आहे.

बारावीतला विद्यार्थी, मंगळवेढा : ‘मॉडिफाइड इलेक्ट्रोड’ म्हणजे नक्की काय मॉडिफाय करतात? आणि जीवनसत्त्व विजेनं मोजायचं म्हणजे त्याला शॉक द्यायचा का?

शॉक नाही रे. रिमोटमधला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो. आपलं काम त्याच्या निम्म्यावर भागतं.

क जीवनसत्त्व म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल. हा देणारा रेणू आहे. दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि त्याचं डिहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल होतं. आपण द्रावणात कार्बनची एक लहानशी चकती, म्हणजेच आपला इलेक्ट्रोड, बुडवतो आणि तिचं व्होल्टेज सावकाश वाढवत नेतो. अशा एका फेरीला स्कॅन म्हणतात. एका ठिकाणी रेणू इलेक्ट्रॉन सोडायला लागतात, ते तारेतून वाहतात आणि मीटरवर प्रवाह दिसतो. किती? दहा-वीस मायक्रोॲम्पिअर. जितके रेणू जास्त, तितका प्रवाह जास्त. सोबत आणखी दोन इलेक्ट्रोड लागतात. एक चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचा, त्याच्या तुलनेत व्होल्टेज धरायचं, जशी डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून धरतात. दुसरी प्लॅटिनमची तार, मंडल पूर्ण करायला.

आलेख काढला तर प्रवाह चढतो, शिखर गाठतो आणि मग उतरतो. व्होल्टेज वाढतंय, मग प्रवाह उतरतो का? गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्याची तिकीटखिडकी आठव. खिडकी उघडली की समोर उभे असलेले पहिल्या झटक्यात आत जातात. मग आतला माणूस कितीही वेगानं तिकिटं फाडू दे, मागचे लोक गर्दीतून वाट काढत येईपर्यंत खिडकी रिकामीच. चकतीजवळचे रेणू असेच संपतात, लांबचे पोचायला वेळ लागतो.

प्रागच्या यारोस्लाव्ह हेरॉव्हस्कींनी १९२२ साली हे काम पाऱ्याच्या ठिबकणाऱ्या थेंबावर सुरू केलं. १९५९ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. पाऱ्याची गंमत अशी, की प्रत्येक थेंब नवा, म्हणजे पृष्ठभाग कायम कोरा करकरीत. हे लक्षात ठेव, पुढच्या पत्रात लागणार आहे. पण पारा विषारी, आणि व्होल्टेज धन बाजूला थोडं पुढे नेलं की तो स्वतःच इलेक्ट्रॉन सोडायला लागतो. म्हणून लोक कार्बनकडे वळले. १९५८ साली अमेरिकेत राल्फ ॲडम्स यांनी ग्रॅफाइटची पूड तेलात मळून नळीत भरली. तो कार्बन पेस्ट इलेक्ट्रोड. कणीक मळता येणाऱ्याला तो जमतो.

आता अडचण बघ. मीटर इलेक्ट्रॉन मोजतो, ते दिले कुणी हे त्याला कळत नाही. लग्नात आहेराची पाकिटं नाव न घालता आली, तर रक्कम कळते, माणूस कळत नाही. तसंच हे. रक्तात युरिक आम्ल असतं, मेंदूतल्या द्रवात डोपामीन असतं, फळांच्या रसात रंग आणि तुरट द्रव्यं असतात. साध्या कार्बनवर हे सगळे जवळजवळ एकाच व्होल्टेजला पाकीट टाकतात आणि शिखरं एकमेकांत मिसळतात.

इथे मॉडिफाय करणं येतं. आपल्याकडचे जुने रंगारी सुती कापड आधी हिरडा आणि तुरटीच्या पाण्यातून काढायचे आणि मग रंगाच्या कढईत टाकायचे. कापड तेच, पण आता रंग धरायचं. चकतीवरही तसंच काहीतरी लावतात. १९९१ साली जपानच्या सुमिओ ईजिमांनी कार्बन नॅनोट्यूबकडे, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांकडे, जगाचं लक्ष वेधलं, तेव्हापासून त्या चकतीवर थापायची लाटच आली. त्यांच्यावर ॲस्कॉर्बिक आम्लाला इलेक्ट्रॉन सोडणं सोपं जातं, म्हणून त्याचं शिखर कमी व्होल्टेजला येतं आणि युरिक आम्लापासून सुटं होतं. कधी उलट काम करायचं असतं. नॅफिऑन नावाच्या पॉलिमरचा ऋण भाराचा पापुद्रा चढवला, तर ॲस्कॉर्बिक आम्ल, जे सातच्या पीएचला (पीएच म्हणजे आम्लतेचं माप) प्रोटॉन सोडून स्वतः ऋण झालेलं असतं, बाहेरच राहतं आणि धन भाराचं डोपामीन आत येतं. म्हणजे आत घेणं आणि अडवणं, दोन्हीला मॉडिफिकेशनच म्हणतात.

तुझ्या कंपासपेटीतल्या ०.५ मिलिमीटरच्या पेन्सिलीतलं शिसं हाही चांगला इलेक्ट्रोड आहे. थट्टा नाही, त्यावर शोधनिबंध आहेत.

एम.एस्सी. भाग दोनची विद्यार्थिनी, सोलापूर : मॅडम, डाळिंबाच्या रसातलं क जीवनसत्त्व कार्बन पेस्टमध्ये नॅनोट्यूब मिसळून मोजणं हा माझा प्रकल्प आहे. सातच्या बफरमध्ये (पीएच सातला धरून ठेवणाऱ्या द्रावणात) शुद्ध द्रावणाचं शिखर छान येतं. रस घातला की ते शंभरेक मिलिव्होल्ट पुढे सरकतं आणि तिसऱ्या स्कॅनला निम्मं होतं. शिवाय सकाळी केलेलं स्टँडर्ड, म्हणजे मोजून केलेलं शुद्ध द्रावण, दुपारी कमी दाखवतं. सर म्हणतात नॅनोट्यूब वाढव. जूनमध्ये सबमिशन आहे.

बाळ, नॅनोट्यूब वाढवू नकोस. त्या वाढवल्या की मागचा बिनकामाचा प्रवाहही वाढतो, शिखर त्या चिखलात रुततं, आणि पेस्ट कोरडी होऊन भुगा पडायला लागते. तुझ्या तीन तक्रारी तीन वेगळ्या ठिकाणच्या आहेत, त्या एकाच औषधानं जाणार नाहीत.

शेवटच्या तक्रारीपासून सुरू करते, कारण तिथे मी स्वतः तीन आठवडे घालवलेत.

मे महिना, पंखा गरम हवा ढकलतोय. सकाळी दहाला केलेलं द्रावण दुपारी दोनला पाऊणच भरायचं. मी आधी इलेक्ट्रोडवर संशय घेतला. मग मशीनवर. मग बाटलीवरच्या लेबलवर. शेवटी स्वतःवर, की आपल्याला वजनच नीट करता येत नाही. आमच्या प्रयोगशाळेतले परिचर, त्यांना सगळे मामा म्हणायचे, शेजारी ब्युरेट धूत होते. माझं पुटपुटणं ऐकून म्हणाले, “मॅडम, पाण्याची भट्टी दिवाळीत बिघडली तवा नवी कॉइल बसवली की. तांब्याची हाय. कल्हई न्हाई केली तिला.”

भट्टी म्हणजे प्रयोगशाळेचं शुद्ध पाणी उकळून गाळायचं यंत्र. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. तांबं अगदी नखाएवढं, लिटरमागे मिलिग्रॅमच्याही खाली असलं तरी ॲस्कॉर्बिक आम्लाचं हवेतल्या ऑक्सिजनशी लग्न लावून देतं आणि स्वतः नामानिराळं राहतं. आंबट पदार्थ तांब्या-पितळेत ठेवला की कळकतो हे माझ्या आजीला ठाऊक होतं. डबल एम.एस्सी. नातीला ते भट्टीपाशी आठवलं नाही.

तेव्हा आधी तुमचं पाणी कुठून येतं ते बघ. काचेच्या भट्टीतलं घे. त्यात चिमूटभर ईडीटीए घाल, ते तांब्याला धरून ठेवतं. मूळ द्रावण १० मिलिमोलर कर, म्हणजे १०० मिलीत ०.१७६ ग्रॅम. तपकिरी फ्लास्क, वर फॉइल, खाली बर्फ. आणि रोज नवं. काल उरलेलं आज वापरलेलं मला कळतं, वाचूनही कळतं.

आता सरकलेलं शिखर. तू पत्रात लिहिलं नाहीस, पण मी सांगते : २० मिलीच्या सेलमध्ये तू रस चार-पाच मिली घालतेस. बरोबर? घालावाच लागतो, कारण डाळिंब क जीवनसत्त्वाच्या बाबतीत गरीब आहे. पेरूत १०० ग्रॅमला दोनशेच्या आसपास मिलिग्रॅम, डाळिंबात दहा-पंधराच्या घरात. आपल्या जिल्ह्याचं फळ म्हणून निवडलंस हे मला कळतं. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, सांगोल्यापर्यंत बागाच बागा. पण सर्वात अवघड फळ उचललंस हेही खरं.

इतका आंबट रस ओतल्यावर बफर टिकत नाही. रस घातल्यानंतरचा पीएच मोजलास का? बफरच्या बाटलीवरचा नको, सेलमधला. ॲस्कॉर्बिक आम्लाचा पहिला प्रोटॉन ४.१ च्या आसपास सुटतो. त्याच्या वर, सिद्धांताप्रमाणे, पीएच एकनं उतरला की व्होल्टेज साधारण ३० मिलिव्होल्टनं पुढे जातं. त्याच्या खाली ५९ नं. तुझा पीएच सातवरून साडेचारवर आला असेल, तर शंभरातले पाऊणशे मिलिव्होल्ट तिथेच गेले. बफर ०.१ मोलरचा असेल तर ०.५ मोलरचा कर आणि रस १ मिलीच्या वर जाऊ देऊ नकोस.

त्यानंतरही शिखर तिथेच हट्टानं बसलं, तर मात्र मला शंका आहे की ते क जीवनसत्त्वाचं नाहीच. डाळिंबाचा लाल रंग आणि त्याची तुरट द्रव्यं, दोघंही इलेक्ट्रॉन देतात आणि तुझ्या शिखराच्या व्होल्टेजपाशीच देतात. पाकिटावर नाव नाही. मग नाव शोधायचं कसं?

काकडी आण.

मंडईतली साधी काकडी. तिच्या सालीत ॲस्कॉर्बेट ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) भरपूर असतं. ते नावाप्रमाणे क जीवनसत्त्व खातं, हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचं डिहायड्रो करून टाकतं. विकत आणायचं तर शुद्ध विकर महाग आणि कुरिअरच्या गाडीत सोलापूरपर्यंत येताना त्याचं काय होईल देव जाणे. साल जाड काढ, सहाच्या थंडगार बफरमध्ये वाट, मलमलच्या फडक्यातून गाळ. त्यातलं निम्मं दहा मिनिटं उकळ आणि थंड करून पुन्हा गाळ. उकळल्यावर विकर मरतं, बाकी बहुतेक सगळं तसंच राहतं. आता दोन चंचुपात्रं घे. दोन्हींत सारखाच पातळ केलेला रस, सहाच्या पीएचला आणलेला. एकात कच्ची काकडी, दुसऱ्यात उकळलेली. झाकू नकोस, विकराला हवा लागते. पंधरा मिनिटं ढवळत ठेव आणि दोन्हींचा स्कॅन घे. कच्च्यात जे गेलं आणि उकळलेल्यात जे राहिलं, ते क जीवनसत्त्व. दोन्हीकडे राहिलं ते दुसरंच कुणीतरी.

एक खुबी आहे. डाळिंब तुरट, आणि तुरट द्रव्यं विकरालाच चिकटून त्याला बधिर करू शकतात. म्हणून आधी रसात तू स्वतः मोजून ॲस्कॉर्बिक आम्ल घाल आणि काकडी तेवढं तरी संपवते का बघ. ती संपवत नसेल तर तिची साक्ष धरू नकोस.

माझ्या लिंबाचं शिखर कच्च्या काकडीत असं सपाट झालं होतं, की जणू तिथे कधी काही नव्हतंच. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत माझी नॅनोट्यूबची चाळीस पानं भराभर उलटली आणि या एका पानावर थांबले. पुढे माझ्या एका विद्यार्थ्यानं जांभळाच्या रसाचं देखणं, उंच शिखर आणून दाखवलं. काकडी घातली, तर निम्म्याहून जास्त जागचं हललं नाही. तो बिचारा दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

राहिलं निम्मं होणारं शिखर. तो चकतीचा दोष नाही, रसाचा आहे. तुरट द्रव्यं इलेक्ट्रॉन देऊन झाल्यावर एकमेकांना चिकटतात आणि चकतीवर पातळ साय धरतात. दुधाच्या भांड्याला धरते तशी. पुढच्या स्कॅनला तू कार्बनवर मोजत नाहीस, सायीवर मोजतेस. वरच्या पत्रात मी हेरॉव्हस्कींचा थेंब सांगितला तो यासाठी. तुला दर वाचनाला नवा थेंब हवा. पेस्टचं सुख हेच, की मागचा दट्ट्या केसभर फिरवायचा, पेस्ट पुढे आली की ती बटर पेपरवर घासून गुळगुळीत करायची. एक वाचन, एक घासणं. दुसरा स्कॅन मोजायचाच नाही. मे महिन्यात ४२-४३ अंशाला पेस्टमधलं तेल पातळ होतं, पृष्ठभाग लोण्यासारखा ओघळतो आणि कुठलीच दोन वाचनं जुळत नाहीत. सकाळी सातला प्रयोगशाळा उघडून मिळते का विचार. लाइटही त्या वेळी सहसा जात नाही.

ग्लासी कार्बन मिळत असेल तर तोही घे. ३ मिलिमीटरची काळी आरशासारखी चकती. ओल्या फडक्यावर ॲल्युमिनाची पूड, आधी १ मायक्रॉन, मग ०.३, मग ०.०५. चकती उभी धरायची आणि मराठी नाही, इंग्रजी आठचा आकडा काढत घासायची, म्हणजे सगळ्या बाजूंनी सारखं घासलं जातं. हात जड नको. मला पहिल्या वर्षी वाटायचं जोर लावला की लवकर होईल, आणि सूक्ष्मदर्शकाखाली चकतीवर शेतातल्या तासांसारख्या रेघा दिसायच्या. घासून झालं की फेरीसायनाइडच्या द्रावणात टाकून बघ. व्होल्टेज वर जाताना आणि परत येतानाच्या शिखरांत आदर्श अंतर ५९ मिलिव्होल्ट. सत्तर-ऐंशीपर्यंत आलं तर पुढे जा. दीडशे आलं तर परत फडक्याकडे.

शेवटी हिशेब. शुद्ध द्रावणाच्या आलेखावरून रसातलं प्रमाण काढू नकोस. रसात चकती जरा बहिरी होते, तेवढ्याच रेणूंना कमी प्रवाह देते. त्यासाठी रसातच स्टँडर्ड घालत जायचं. लिंबाचं उदाहरण देते, आकडे समजण्यापुरते. २० मिलीच्या सेलमध्ये १ मिली रस, शिखर ४ मायक्रोॲम्पिअर. आता तुझं १० मिलिमोलरचं द्रावण १०० मायक्रोलिटर घाल. सेलमधलं प्रमाण ५० मायक्रोमोलरनं वाढलं. चकती घासून पुन्हा मोजलं तर ६.५. म्हणजे अडीच मायक्रोॲम्पिअरला ५० मायक्रोमोलर. मग मूळच्या ४ ला ८०. वीस मिलीत ८० मायक्रोमोलर म्हणजे १.६ मायक्रोमोल, वजनात ०.२८ मिलिग्रॅम, आणि ते सगळं १ मिली रसातलं. शंभर मिलीला २८ मिलिग्रॅम. लिंबाला शोभणारा आकडा आहे. एकदाच नाही, तीन-चारदा घाल आणि सरळ रेघ येते का बघ.

आणि हे सगळं सरांना सांगताना ‘मासिकातल्या मॅडम म्हणाल्या’ असं म्हणू नकोस. काकडीचे दोन आलेख शेजारी शेजारी ठेव टेबलावर.

एक गृहिणी, बार्शी : मी आवळ्याचा रस विकत घेते. बाटलीवर १०० मिलीत ६०० मि.ग्रॅ. क जीवनसत्त्व लिहिलंय. मुलीच्या पुस्तकात आवळ्याला ६०० आणि दुसरीकडे २५२ असं दिलंय. खरं काय, आणि घरी तपासता येईल का?

ताई, दोन्ही आकडे छापील आणि दोन्ही हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचेच. ६०० हा जुन्या तक्त्यातला, १०० ग्रॅम ताज्या आवळ्याला. २५२ हा २०१७ च्या नव्या तक्त्यातला. आवळ्याची जात, हंगाम आणि मोजायची पद्धत बदलली की आकडा बदलतो. रंग उडवून मोजायच्या जुन्या पद्धतीत एक खोट असते. ती क जीवनसत्त्वाबरोबर इतर काही देणाऱ्या रेणूंनाही धरते, आणि आवळा त्यांनी भरलेला आहे. तुम्हाला माहीत असलेला बाटलीवरचा आकडा नेमका जुन्या तक्त्याशी जुळतो, यावर मी काही बोलत नाही.

घरी अंदाज घेता येतो. औषधाच्या दुकानातून ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन आणा आणि क जीवनसत्त्वाची ५०० मि.ग्रॅ.ची गोळी. गोळी १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा. त्यातलं १० मिली घ्या, म्हणजे ५ मि.ग्रॅ. झालं. त्यात चमचाभर भाताची पातळ पेज घाला आणि ड्रॉपरनं आयोडीनचे थेंब मोजत टाका. निळा-काळा रंग येऊन टिकला की थांबा. समजा ३० थेंब लागले. आता १ मिली आवळ्याचा रस, ९ मिली पाणी, तीच पेज, तोच ड्रॉपर. बाटली खरी असेल तर ३६ थेंब लागले पाहिजेत. वीसच लागले तर बाटली खोटं बोलते हे नक्की. पण छत्तीस लागले म्हणून ती खरी ठरत नाही, कारण आवळ्यातली तुरट द्रव्यं आयोडीन पितात, आणि रस टिकवायला गंधकाचा क्षार घातला असेल तर तोही पितो. म्हणजे या घरगुती प्रयोगात बाटली नापास होऊ शकते, पास होऊ शकत नाही. वरची काकडीची युक्ती इथे करायचा मोह होईल, नका करू. आवळ्याच्या तुरटपणापुढे माझा काकडीवर भरवसा नाही.

प्रयोग झाला की मोरीत ओता. पिऊ नका, आणि पेला नीट घासा.

तसंही मोठ्या पुरुषाला दिवसाला ८० आणि बाईला ६५ मि.ग्रॅ. पुरतं. अर्ध्या पेरूत ते होतं, आणि पेरूवर लेबल नसतं.

एक वाचक, वय ७१, सोलापूर : मला पंधरा वर्षं शुगर आहे. घरच्या मशीनवर तपासतो. सर्दीसाठी क जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू केल्यापासून आकडा वर दिसतो. संबंध असेल का? ता. क. बी-१२ ची अशी पट्टी मिळते का? दर वेळी शिरेतून रक्त द्यायचा कंटाळा येतो.

अण्णा, तुमच्या हातात रोज मॉडिफाइड इलेक्ट्रोडच असतो. ती पट्टी म्हणजे तोच. पट्टीवरचं विकर साखरेकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं, फेरीसायनाइड किंवा फेरोसीनसारखा एक मध्यस्थ ते उचलून खालच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोचवतो, आणि मशीन ते मोजून साखरेचा आकडा दाखवतं. आता रक्तात क जीवनसत्त्व फार असलं, तर ते त्याच मध्यस्थाच्या हातात आपलेही इलेक्ट्रॉन देऊन टाकतं. मशीनला वाटतं साखरेनं दिले. आकडा वर. पुन्हा तीच बेनाव पाकिटं. लघवीच्या रंगीत पट्टीवर मात्र उलटं होतं, तिथे क जीवनसत्त्व रंग येऊ देत नाही आणि साखर कमी दिसते.

पण रुग्णालयात शिरेतून ग्रॅमच्या हिशेबात क जीवनसत्त्व देतात, तेव्हा ही चूक धोकादायक होते. रोजच्या एका ५०० मि.ग्रॅ.च्या गोळीनं सहसा एवढा फरक पडू नये. तुम्ही ‘गोळ्या’ असं अनेकवचन लिहिलंय, म्हणून विचारते, किती घेता? चघळायच्या गोळीत साखरही असते, तेही पाकिटावर बघा. आणि अजून एक, फळ सोलून झाल्यावर हात न धुता बोट टोचता का? बोटावरचा रस पट्टीवर गेला तर ती साखर तुमच्या रक्ताची नसते. साबणानं धुवा, पुसून कोरडं करा, मग टोचा. एकदा घरचं वाचन आणि प्रयोगशाळेतलं शिरेचं रक्त एकाच वेळी करून आकडे शेजारी लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. तोवर स्वतःच्या मनानं इन्सुलिन किंवा गोळी वाढवू नका.

बी-१२ चं सांगते. त्याच्या पोटात कोबाल्टचा अणू आहे, आणि तो इलेक्ट्रॉन घेतो-देतो, त्यामुळे तत्त्वतः इलेक्ट्रोडला तो दिसतो. डोरोथी हॉजकिन यांनी त्याची रचना उलगडली, त्यांना १९६४ साली नोबेल मिळालं. पण प्रमाण बघा. रक्तात क जीवनसत्त्व मिलीला काही मायक्रोग्रॅम असतं. बी-१२ मिलीला दोनशे ते नऊशे पिकोग्रॅम, म्हणजे हजारो पटींनी कमी, तेही प्रथिनांना घट्ट बिलगलेलं. गड्ड्याच्या गर्दीत हरवलेलं पोर शोधायचं तर हाक मारून भागत नाही. म्हणून प्रयोगशाळा आधी बी-१२ ओळखणारं प्रथिन वापरून ते वेचून काढतात आणि मग मोजतात. काही मोठ्या मशीनमध्ये शेवटच्या टप्प्याला रुथेनियम धातूचा रेणू इलेक्ट्रोडपाशी स्वतः उजळतो आणि तो प्रकाश मोजला जातो. तिथेही शेवटी इलेक्ट्रोडच आहे, पण तो खिशात मावणारा नाही. तेव्हा बी-१२ ला बाही वर करावीच लागेल. उपाशीपोटी जायला सांगितलं असेल तर सकाळी लवकर जा, दहानंतर ऊन सोसवत नाही.